गुडघ्यातली चुंबळ

पऱ्हे हाताएवढे वाढले की साकोली तालुक्यातल्या सानगडीच्या शिवारात रोवणीची धांदल उडते. बांध्यांमध्ये पोटरीपर्यंत चिखल असतो. बाया एका ओळीत वाकून, मागे मागे सरकत रोपे लावत जातात. मध्येच एखादी जण मागे ठेवलेली रोपांची जुडी घ्यायला अंग वळवते. कमरेपासून वरचे शरीर वळते, मांडीही वळते, पण पाऊल चिखलात घट्ट रुतलेले असते. गुडघ्यात ‘कट्’ असे काहीतरी वाजते. त्या दिवशीचे काम कसेबसे उरकते. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजलेला असतो, उकिडवे बसता येत नाही, कधी कधी पाय वाकल्या जागी अडकून बसतो. घरात ‘वात आला’ असे म्हणून तेल चोळले जाते. अशा सगळ्याच दुखण्यांचे कारण एक नसते, पण काहींचे कारण असते गुडघ्यातल्या एका लहानशा गादीचे फाटणे. डॉक्टर तिला मेनिस्कस म्हणतात. कबड्डीच्या मैदानावर आपल्या विद्यार्थ्यांची हीच गादी, अगदी याच रीतीने फाटते: पाऊल जमिनीत रोवलेले आणि अंग वळलेले.

ही गादी काय काम करते हे समजून घ्यायला पुस्तकातल्या आकृतीपेक्षा त्याच धुऱ्यावरून डोक्यावर पाण्याची घागर घेऊन येणारी बाई अधिक उपयोगी आहे. डोके वरून गोल, घागरीचे बूड खालून गोल. दोन गोल वस्तू एकमेकींवर ठेवल्या तर त्या एका बिंदूपाशी टेकतात. घागर डुगडुगते आणि सारे वजन त्या एका जागी टोचते. म्हणून डोक्यावर आधी चुंबळ ठेवतात. कापड पिळून केलेले ते कडे दोन गोलांच्या मधली जागा भरून काढते. वजन तेवढेच राहते, पण ते विस्तीर्ण जागेवर पसरते.

गुडघ्यातही असेच आहे. मांडीच्या हाडाची खालची टोके गोलाकार असतात, शेजारी शेजारी दोन. ती नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकतात. आतल्या बाजूला हा माथा किंचित खोलगट असतो, बाहेरच्या बाजूला तर तो उलट किंचित फुगीरच असतो, म्हणजे अगदी डोके आणि घागर! या प्रत्येक जोडीच्या मध्ये एक अशा दोन अर्धचंद्राकृती गाद्या असतात. त्यांचा काप घेतला तर तो पाचरीसारखा दिसतो, बाहेरच्या कडेला जाड आणि आत पातळ होत गेलेला. हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत पांढरा थर, म्हणजे कूर्चा, हा वेगळा. ही गादी त्या थरांच्या मध्ये असते.

‘निरुपयोगी’ अवयव

गंमत अशी, की ही गादी काही कामाची आहे हेच वैद्यकाने फार उशिरा मान्य केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९७ साली, सटन या इंग्रज शल्यविशारदाने ती पायाच्या स्नायूंचा उरलेला, कार्यहीन अवशेष आहे असे मत मांडले होते. पुढची कित्येक दशके फाटलेली गादी पूर्ण काढून टाकणे हाच उपाय समजला जाई. दुखणे थांबे, रोगी चालत घरी जाई, मग शंका कोण घेणार?

१९४८ साली इंग्लंडमधील फेअरबँक यांनी अशा शंभराहून अधिक गुडघ्यांचे क्ष-किरण फोटो तपासले. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतचा काळ गेलेले हे रोगी होते. गादी काढलेल्या बाजूला हाडाच्या कडेवर उंचवटा उठलेला, मांडीच्या हाडाची गोलाई चपटी झालेली आणि दोन हाडांमधली फट अरुंद झालेली दिसली. चुंबळ काढून घेतली आणि घागर वर्षानुवर्षे डोक्यावर तशीच वाहिली, तर होईल तेच. फेअरबँक यांनी हे सावधपणे मांडले होते. तरी गादी शक्य तेवढी राखण्याची प्रथा रूढ व्हायला आणखी तीसेक वर्षे लागली.

फाटलेली गादी शिवता येते, पण नेहमी नाही. तिच्या फक्त बाहेरच्या कडेला, रुंदीच्या १० ते ३० टक्के भागात, रक्तवाहिन्या असतात. तिथली जखम भरते. आतल्या भागाला रक्तच पोहोचत नाही, म्हणून तिथली फाट आपोआप सांधत नाही. तेव्हा फाटलेला भाग कापून काढावा लागतो. मग प्रश्न येतो: त्या जागी दुसरे काही बसवता येईल का? आणि बसवले तर ते खऱ्या गादीचे काम करते आहे, हे कशावरून ठरवायचे? लेखाचा खरा विषय हा दुसरा प्रश्न आहे. पदार्थ शोधणारे पुष्कळ आहेत. त्या पदार्थाची परीक्षा कशी घ्यायची हे ठरवणे तितकेच अवघड आहे, आणि त्याबद्दल बोलले मात्र कमी जाते.

कार्बन पेपर आणि लोखंडी गोळा

पहिली परीक्षा दाबाची. ती वर्गात करून पाहता येते. शाळेच्या क्रीडासाहित्यात गोळाफेकीचा लोखंडी गोळा असतोच. टेबलावर आलेख कागद ठेवा, त्यावर कार्बन पेपर काळी बाजू खाली करून ठेवा, आणि त्यावर गोळा अलगद ठेवून एका विद्यार्थ्याला दोन्ही हातांनी वरून दाबायला सांगा. गोळा उचलून पाहा. आलेख कागदावर एक लहानसा गडद ठिपका उमटलेला असेल. आता हातरुमाल पिळून त्याची छोटी चुंबळ करा, टोके नीट आत खोवा. नव्या आलेख कागदावर कार्बन पेपर, त्यावर चुंबळ, त्यावर गोळा. आणि तेवढ्याच जोराने दाबा. या वेळी ठिपक्याऐवजी फिकट, पसरट कडे उमटते. चौकोन मोजून दोन्ही ठशांचे क्षेत्रफळ काढायला सांगा. आकडे आम्ही देत नाही. ते गोळ्यावर, रुमालावर आणि दाबणाऱ्याच्या जोरावर अवलंबून असतात, आणि ज्याचे त्याने काढण्यातच मजा आहे.

एक अडचण लगेच लक्षात येईल. चुंबळ फार जाड झाली तर गोळा मध्ये टेकतच नाही, सारा भार कड्यावरच येतो. फार पातळ किंवा फार रुंद झाली तर गोळा तळाला टेकतो आणि चुंबळ नुसती शोभेला उरते. गोळा मध्ये थोडा टेकावा आणि कड्यावरही थोडा, अशी नेमकी चुंबळ करायला दोन-चार प्रयत्न लागतात. कृत्रिम गादीचेही पहिले दुखणे हेच आहे. माप चुकले तर उत्तम पदार्थही वाया जातो.

प्रयोगशाळेत कार्बन पेपरच्या जागी दाबाने रंग उमटवणारी एक खास फिल्म वापरतात. तिच्यात रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म कुप्या असतात. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्या फुटतात आणि लाल रंग उमटतो. दाब जास्त तितका रंग गडद. मरणोत्तर दान केलेल्या देहाचा गुडघा यंत्रात धरतात, दोन हाडांच्या मध्ये ही फिल्म सरकवतात आणि वरून मोजून भार देतात. हल्ली फिल्मऐवजी कागदासारखा पातळ विद्युत संवेदकही वापरतात. त्याचा फायदा असा, की भार बदलत असताना दाब क्षणोक्षणी कसा बदलतो हे संगणकावर दिसते. फिल्म मात्र फक्त सर्वांत मोठ्या दाबाची आठवण ठेवते.

१९८० साली फुकुबायाशी आणि कुरोसावा या जपानी संशोधकांनी केलेले मोजमाप आजही दाखल्यादाखल दिले जाते. गुडघ्यावर १००० न्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलो वजनाइतका भार दिला. दोन्ही गाद्या जागेवर असताना भार ११.५ चौरस सेंटिमीटर जागेवर पसरला. गाद्या काढल्यावर ही जागा ५.२ चौरस सेंटिमीटर उरली. भागाकार फळ्यावर करून दाखवा: १०० भागिले ११.५ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण पावणेनऊ किलो. १०० भागिले ५.२ म्हणजे एकोणीस किलोहून थोडे अधिक. ही सरासरी झाली. सर्वाधिक दाब असलेल्या जागी तो सुमारे ३ मेगापास्कलवरून ६ मेगापास्कलवर गेला. (एक मेगापास्कल म्हणजे ढोबळमानाने चौरस सेंटिमीटरला १० किलो.) कूर्चेवर दुप्पट दाब, आणि तो प्रत्येक पावलाला.

१००० न्यूटन हा भारही काही फार नाही. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील संशोधकांनी पाच रोग्यांच्या कृत्रिम गुडघ्यांत भार मोजणारी उपकरणे बसवली होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींनुसार सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर सरासरी शरीराच्या वजनाच्या २.६ पट, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना ३.५ पट बल येते. ६० किलो वजनाच्या माणसाने जिना उतरताना गुडघ्यावर २०० किलोहून अधिक भार पेलावा, हे विद्यार्थ्यांना खरे वाटत नाही. चढण्यापेक्षा उतरताना अधिक का, हा प्रश्न ते विचारतीलच. शरीर खाली येत असते, त्याची गती एका पायाच्या स्नायूंनी रोखायची असते, आणि हे ताणलेले स्नायूही हाडांना एकमेकांवर ओढत असतात.

कड्याचे बळ कशात आहे?

पुन्हा गोळ्याकडे येऊ. नीट बसलेल्या चुंबळीची खोवलेली टोके आता सोडवा आणि दाबून पाहा. कडे उघडते, बाजूला सरकते आणि गोळा तळाला टेकतो. पुन्हा तोच गडद ठिपका. कापड तेवढेच आहे, जाडीही तेवढीच आहे, मग काय गेले? गेले ते कड्याचे ‘कडेपण’. गोल वस्तू पाचरीवर दाबली की ती पाचरीला बाहेर ढकलते. कडे अखंड असेल तर ते बाहेर जाऊ शकत नाही; त्याच्या परिघाच्या दिशेने ताण निर्माण होतो आणि तो ताण भार पेलतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी धाव अशाच ताणाने सारे चाक आवळून धरते. धाव एका जागी तुटली तर ती अर्धी नव्हे, पूर्णच निकामी होते.

गुडघ्यातली गादी पूर्ण कडे नाही, ती अर्धचंद्र आहे. तिची दोन्ही टोके नडगीच्या हाडात घट्ट रुजलेली असतात आणि त्यामुळेच ती कड्यासारखी वागते. तिच्यातले कोलॅजेनचे तंतूही प्रामुख्याने परिघाच्या दिशेनेच धावतात. थोडेसे आडवे तंतू त्यांना बांधून ठेवतात. म्हणून परिघाच्या दिशेने ओढले तर ती आडव्या दिशेपेक्षा सुमारे दहापट ताठ असते. उलट, वरून दाबली तर ती हाडावरच्या कूर्चेपेक्षाही मऊ लागते. तिच्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ओढायला ताठ, दाबायला मऊ, असा हा दुहेरी स्वभाव एकाच पदार्थात आणणे ही कृत्रिम गादी करणाऱ्यांची मोठी कसोटी आहे. रबर सगळ्या दिशांनी सारखेच वागते, त्यामुळे नुसत्या रबराने हे साधत नाही.

टोकाच्या मुळाशी गादी सुटली तर काय होते हे अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संशोधकांनी २००८ साली मोजून दाखवले. आतल्या गादीचे मागचे मूळ कापल्यावर सर्वाधिक दाब २५ टक्क्यांनी वाढला, आणि पूर्ण गादी काढल्यावर येणाऱ्या दाबाहून तो फारसा वेगळा नव्हता. मूळ पुन्हा हाडाला शिवल्यावर दाब पूर्ववत झाला. चुंबळीची टोके खोवणे आणि सोडणे याहून हे वेगळे नाही.

इथे चौकस वाचक विचारील, की जपान्यांच्या प्रयोगात दाब दुप्पट आणि यांच्या प्रयोगात सव्वापट, हे कसे? भार वेगळा, गुडघा वाकवण्याचा कोन वेगळा, मोजण्याची पद्धत वेगळी. एकीकडे दोन्ही गाद्या काढलेल्या, दुसरीकडे फक्त आतली. म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी मांडून नवा पदार्थ श्रेष्ठ की जुना हे ठरवता येत नाही. एकाच गुडघ्यात, एकाच भाराखाली, आधी मूळ गादी, मग गादीशिवाय, मग कृत्रिम गादी, अशी तीन मोजमापे घेतली तरच तुलनेला अर्थ असतो. जाहिरातीत नुसती टक्केवारी आली की आम्ही आधी हे तिसरे मोजमाप शोधतो.

दाबाखेरीज आणखी काही परीक्षा असतात. पदार्थावर स्थिर भार ठेवून तो किती वेळात किती दबतो हे पाहतात. खऱ्या गादीतून पाणी हळूहळू झिरपते, त्यामुळे ती झटक्यासरशी आलेल्या भाराला ताठ आणि दीर्घकाळच्या भाराला मऊ वाटते. ओला स्पंज चटकन दाबला आणि सावकाश दाबला तर हाताला जो फरक जाणवतो, तसे. दुसरी परीक्षा टाक्याची. साबणाची वडी तारेने कापतात तसा मऊ पदार्थ टाक्याच्या दोऱ्याने कापला जातो, म्हणून दोरा ओढून तो किती बलाला निसटतो हे मोजतात. कृत्रिम गाद्यांच्या बाबतीत पदार्थ टिकला, पण शिवण सुटली, असे घडलेले आहे. तिसरी घर्षणाची आणि चौथी झिजेची. तिच्याकडे शेवटी येऊ.

कोशाची गोष्ट

आजवर काय काय बसवून पाहिले? १९८४ साली जर्मनीत म्युनिकला मृत दात्याची गादी जिवंत माणसात बसवण्यात आली. ही पद्धत काही देशांत रुळली आहे, पण दाते थोडे आणि माप जुळवणे कठीण. बैलाच्या घोट्यामागच्या शिरेतील कोलॅजेनपासून केलेली सच्छिद्र गादी आली. तिच्या छिद्रांत रोग्याच्या पेशींनी शिरून नवी ऊती तयार करावी ही कल्पना. पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा स्पंज आला. कशालाही न शिवता सांध्यात नुसती सरकवून ठेवायची, बळकट तंतूंनी आवळलेली प्लॅस्टिकची चकतीही आली. तिच्या रचनेत परिघाचा ताण तंतूंवर सोपवला आहे, म्हणजे चाकाची धावच म्हणा.

कोलॅजेनच्या गादीची एक हकीकत परीक्षेच्या दृष्टीने सांगण्याजोगी आहे. २००८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली, ती शस्त्रक्रियेत वापरायच्या जाळीदार कापडाशी ती ‘पुरेशी समान’ आहे असे मानून. २०१० साली त्याच प्रशासनाने आपला निर्णय चुकल्याचे म्हटले. जाळीचे काम उतीला आधार देण्याचे, गादीचे काम भार वाहण्याचे. दोन्हींची तुलनाच गैरलागू होती. पुढे २०१४ साली न्यायालयाने मान्यता काढून घेण्याची ही रीत नियमबाह्य ठरवली. कायद्याचा भाग सोडून देऊ. पण ‘कशाशी तुलना करायची’ हा प्रश्न प्रयोगशाळेत चुकला की पुढे तो रोग्याच्या गुडघ्यापर्यंत जातो, हे त्यातून दिसते.

आणि आता भंडाऱ्याच्या माणसाला जवळचा वाटेल असा पदार्थ: रेशीम. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारी टसरची अळी या पट्ट्यात नवी नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे महाराष्ट्रातले कोशाचे जिल्हे, आणि मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचे कोसा विणकर प्रसिद्ध आहेत. कोश सोड्याच्या पाण्यात उकळला की त्याचा डिंक निघून जातो आणि उरते ते फायब्रॉइन नावाचे प्रथिन. टाके घालायला रेशमी दोरा शल्यविशारद फार पूर्वीपासून वापरतात, त्यामुळे शरीराला हा पाहुणा अगदीच परका नाही. फायब्रॉइन विरघळवून, गोठवून, निर्वातात वाळवले की त्याचा स्पंज होतो.

अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात बिमान मंडल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली पाचरीच्या आकाराचा तीन थरांचा रेशमी स्पंज तयार केला. त्याच्या बाहेरच्या बाजूला तंतू निर्माण करणाऱ्या पेशी आणि आतल्या बाजूला कूर्चेच्या पेशी वाढवल्या. जसजशा त्या वाढल्या तसतसा स्पंज दाबाला अधिक ताठ होत गेला. जर्मनीत उल्म येथील संशोधकांनी रेशमी गादीचा तुकडा मेंढ्यांच्या गुडघ्यांत बसवून सहा महिन्यांनी तपासला आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीराने दाह दाखवला नाही. तुकडा जागेवर पक्का धरून ठेवण्याचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. पुन्हा शिवणच!

आपल्या टसरचे एक वैशिष्ट्य आहे. त्याच्या फायब्रॉइनमध्ये तीन अमिनो आम्लांचा एक असा क्रम आहे, ज्याला पेशी सहज चिकटतात. तुतीच्या रेशमात तो नाही. अडचण अशी, की तुतीचे रेशीम ज्या क्षारांच्या द्रावणात विरघळते त्यात टसर सहजी विरघळत नाही. खरगपूरच्या आयआयटीत कुंडू आणि मंडल यांनी म्हणून कोशाऐवजी थेट अळीच्या रेशीमग्रंथीतूनच हे प्रथिन मिळवले. महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनुया निसळ आणि सहकाऱ्यांनी रेशमाच्या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरण्याचे सच्छिद्र पदार्थ विकसित केले आणि त्यातून एक उद्योगही उभा राहिला. ते हाडासाठी आहे, गादीसाठी नाही. आंधळगावचा कोश सानगडीच्या गुडघ्यात बसला, असे सांगायला आम्हांला आवडले असते, पण तसे झालेले नाही.

यंत्र चालते, बसत नाही

आता झिजेची परीक्षा. पूर्ण कृत्रिम गुडघ्यासाठी १४२४३ क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. यंत्रात गुडघा बसवतात, शरीराच्या तापमानाला वासराच्या रक्तातील द्रवात बुडवतात आणि त्याला ‘चालायला’ लावतात: सेकंदाला एक पाऊल, प्रत्येक पावलाला जास्तीत जास्त २६०० न्यूटन भार, अशी ५० लाख पावले. हिशेब करा, यंत्र रात्रंदिवस चालले तरी अठ्ठावन्न दिवस लागतात. माणसाचा एक पाय वर्षाला साधारण दहा लाख पावले टाकतो असे धरतात, म्हणजे ही पाच वर्षांची चाल झाली. शेवटी किती मिलिग्रॅम पदार्थ झिजला ते पाहतात. कृत्रिम गाद्यांच्या परीक्षाही बहुतांशी याच चालीवर बेतलेल्या असतात.

पण या चालीत गुडघा किती वाकतो? पाय सरळ असताना शून्य धरले तर जास्तीत जास्त ५८ अंश. चालण्यासाठी ते पुरेसे आहे. खुर्चीवर बसायला सुमारे ९० अंश लागतात. आणि उकिडवे बसायला? ३० भारतीय व्यक्तींच्या हालचाली मोजून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उकिडवे बसताना गुडघा सरासरी १५० अंशांच्या पुढे वाकलेला आढळला. निंदण, चूल, धुणी-भांडी, शौच, पंगत, कोशाचे सूत मांडीवर ओढण्याची जुनी रीत, यातले एकही काम ५८ अंशांत होत नाही.

हा फरक नुसता कोनाचा नाही. गुडघा वाकत जातो तसे मांडीचे हाड नडगीवर मागे सरकते आणि गाद्याही त्याच्याबरोबर मागे सरकतात. १९९१ सालच्या एका मोजमापात शून्यापासून १२० अंशांपर्यंत वाकवताना आतली गादी सुमारे ५ मिलिमीटर आणि बाहेरची सुमारे ११ मिलिमीटर सरकली. शिवाय पाय सरळ असताना गाद्या गुडघ्यावरच्या भाराचा निम्मा हिस्सा वाहतात. ९० अंशांवर हा हिस्सा ८५ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे जितके खोल बसावे तितका भार गादीवर, आणि तोही तिच्या मागच्या भागावर व मागच्या मुळावर. मागच्या मुळाशी फाटण्याचा संबंध डॉक्टर खोल बसण्याशी जोडतात तो यामुळेच. जी कृत्रिम गादी जागच्या जागी पक्की शिवली आहे, तिला हे ११ मिलिमीटर सरकणे जमेल का? आणि जी मोकळी ठेवली आहे, ती उकिडवे बसल्यावर मागे निसटणार नाही कशावरून? ५८ अंशांत पन्नास लाख वेळा चाललेले यंत्र याचे उत्तर देऊ शकत नाही, कारण त्याला हा प्रश्न विचारलेलाच नाही.

यंत्र बसवायला शिकवणे अशक्य नाही. यंत्रमानवाचा हात वापरून गुडघा हव्या त्या कोनात वाकवणारी उपकरणे आज आहेत. पण त्यासाठी आधी माहिती लागते: आपली माणसे दिवसातून किती वेळा, किती वेळ, किती खोल बसतात आणि उठताना कशाचा आधार घेतात. ‘उकिडवे बसू नका’ असे सांगून रोग्याला घरी पाठवणे सोपे आहे. ज्या बाईला घरी परतून निंदणालाच जायचे आहे, तिच्यासाठी तो सल्ला म्हणजे काम सोडा असे सांगण्यासारखाच आहे.

ही माहिती गोळा करण्याची सुरुवात शाळेतही करता येईल. पुठ्ठ्याच्या दोन लांब पट्ट्या एका टोकाला टाचणीने जोडा आणि जोडावर कोनमापक चिकटवा. जोड गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, एक पट्टी मांडीच्या आणि दुसरी नडगीच्या रेषेत धरा. पट्ट्यांमधला कोन १८० मधून वजा केला की गुडघा किती वाकला ते मिळते. उभे राहणे, सायकलचे पायडल वर असताना, बाकावर बसणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे अशी प्रत्येकाची मोजमापे घ्या. घरी आई, आजी किंवा शेतावरच्या कोणी संमती दिली तर एका दिवसात त्या किती वेळा खाली बसून उठतात हे काड्या मारून मोजायला सांगा. उकिडवे बसल्यावर टाच टेकलेली होती की उचललेली, हे कोनाशेजारी लिहायला विसरू नका. दोन्हींत फरक पडू शकतो.